गवसण्याआधीचे गिंवसणे : शिकागो विद्यापीठाच्या मराठी कोशसंग्रहाचे परीक्षण

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या इंग्रजी अहवालाचे भाषांतर माझ्याकडे आले. १८२० च्या दशकात स्कॉटलंडचे जे धर्मोपदेशक बाणकोट-हर्णैच्या बाजूला येऊन राहिले, त्यांच्या परंपरेतल्या एकाने पुढे आपल्या वरिष्ठांना लिहिलेला तो मजकूर होता. त्यात एका गावातल्या जमिनीच्या भांडणाची खरी हकिगत आपण कशी मिळवली, हे सांगताना लेखकाने एक क्रियापद वापरले होते, जे मी पंचवीस वर्षांच्या भाषांतरात एकदाही पाहिलेले नव्हते : ‘एक्स्पिस्केट’. कसून, बारकाईने चौकशी करून एखादी गोष्ट शोधून काढणे, असा त्याचा अर्थ. इंग्रजीतही ते दुर्मिळ आहे आणि त्याचा वापर मुख्यतः स्कॉटिश लेखनात झालेला दिसतो. मूळ लॅटिनमध्ये ‘एक्स्’ म्हणजे बाहेर आणि ‘पिस्किस’ म्हणजे मासा. तेव्हा अक्षरशः पाहिले तर मासा पाण्याबाहेर काढावा तशी माहिती बाहेर काढणे.

या एका क्रियापदासाठी मला सुमारे आठ दिवस लागले, आणि त्यांतले सहा दिवस मी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल कोशसंग्रहात काढले. हा संग्रह मी अधूनमधून पूर्वीही वापरत असे, पण एकाच शब्दाच्या मागे लागून त्याचे कानेकोपरे पाहण्याची वेळ प्रथमच आली. भाषांतर करणारे, जुने कागद वाचणारे, शाळा-महाविद्यालयांत मराठी शिकवणारे आणि शब्दांचा नुसताच नाद असणारे, अशा वाचकांना त्याचा कितपत उपयोग होईल, हे या अनुभवावरून सांगता येईल असे वाटते.

आधी जे जमले नाही ते सांगते. फोनवरचे एक लोकप्रिय भाषांतर-ॲप उघडून मी शब्द टाकला. त्याने क्षणार्धात ‘शोधणे’ असे उत्तर दिले. पुन्हा विचारले तर ‘मासेमारी करणे’. दोन्ही उत्तरांना आधार काय, शब्द कुठला, कोणी कधी वापरला, याचा मागमूस नव्हता. ॲपचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण या जातीची बहुतेक साधने अशीच वागतात : ती उत्तर देतात, पण उत्तरापर्यंतची वाट दाखवत नाहीत. माझी अडचण नेमकी वाटेची होती. ‘शोधणे’ हे चूक नव्हते, पण अपुरे होते. मूळ क्रियापदात तीन गोष्टी आहेत : चौकशी कसून झाली, ती हळूहळू झाली आणि अखेर वस्तू हाती आली. ‘शोधणे’ म्हटले की पहिल्या दोन गोष्टींची शक्यता तेवढी कळते. तिसरीबद्दल वाचक अंधारातच राहतो.

शिकागोच्या संकेतस्थळावर दक्षिण आशियातल्या अनेक भाषांचे कोश आहेत. मराठीचे जे पाच मी वापरले ते असे : मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, वझे यांचा १९११ चा आर्यभूषण छापखान्याचा शालेय कोश, दाते-कर्वे आणि मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश, फलटणला आयुष्य घालवलेल्या मॅक्सीन बर्नसन यांचा प्राथमिक मराठी-इंग्रजी कोश, आणि शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश. म्हणजे यादवकाळातल्या मराठीपासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या बोलीपर्यंतचा सगळा पट, तोही फुकट, आणि नावनोंदणी न करता. दातेकोशाचे खंड विकत घ्यायचे म्हटले तरी ते सहज मिळत नाहीत, आणि मिळालेच तर ठेवायला घरात एक स्वतंत्र फळी लागते. एवढ्या एका कारणासाठीही या सेवेचे ऋण मान्य करायला हरकत नाही.

मोल्सवर्थच्या कोशाविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण या संग्रहाचा प्राण तोच आहे. जेम्स टॉमस मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी. टॉमस आणि जॉर्ज कँडी या बंधूंची आणि शास्त्री-पंडितांची मदत घेऊन त्याने १८३१ साली पहिली आवृत्ती काढली. १८५७ साली दुसरी, वाढवलेली आवृत्ती मुंबईत छापली गेली, आणि आज आपण पाहतो ती हीच. जुन्या पिढीतले मराठी लोक त्याला प्रेमाने ‘मोलेसरशास्त्री’ म्हणत, यात त्याच्या कामाची पावती आली. दुसऱ्या आवृत्तीच्या आरंभी मराठी भाषेची घडण आणि तिचा प्रसार यांविषयी एक निबंध आहे, आणि तो लिहिणारे डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटिशच होते. माझ्या अहवालाचा लेखक ज्या जगातला, त्याच जगात हा कोश तयार झाला, हे लक्षात आल्यावर मी तो जरा वेगळ्या नजरेने वाचू लागले. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीच्या छटा आणि त्याच काळातल्या मराठीच्या छटा या कोशात समोरासमोर बसलेल्या आहेत. जुन्या इंग्रजी मजकुराच्या भाषांतरकाराला यापरते काय हवे?

मराठी-इंग्रजी कोशात इंग्रजी शब्दाचा मराठी प्रतिशब्द कसा शोधायचा, हा प्रश्न रास्त आहे. छापील प्रतीत ते शक्यच नाही, आणि इथेच संकेतस्थळाचा खरा फायदा कळतो. शोधाची चौकट केवळ मथळ्याच्या शब्दांपुरती न ठेवता नोंदींच्या संपूर्ण मजकुरावर चालवता येते. म्हणजे मोल्सवर्थने एखाद्या मराठी शब्दाचा अर्थ सांगताना जे इंग्रजी शब्द वापरले, ते टाकले की त्या अर्थाचे सगळे मराठी शब्द एका जाळ्यात येतात. सर्वसाधारण शब्द टाकला तर अर्थातच नोंदींचा डोंगर उभा राहतो. ‘सर्च’ हा शब्द टाकून मी पहिल्या दिवशी तो डोंगर चढण्याचा मूर्खपणा केला. दुसऱ्या दिवसापासून मात्र बारकाईने, चिकाटीने, तळापर्यंत अशा अर्थाची इंग्रजी क्रियाविशेषणे टाकू लागले, आणि मग धुंडाळणे, धांडोळणे, हुडकणे यांच्या आसपासचे गोत हळूहळू जमू लागले.

त्या गोतावळ्याकडे पाहत बसण्यात जो वेळ गेला, तो वाया गेला असे मी म्हणणार नाही. तपासाच्या क्रियापदांसाठी मराठी माणसाने प्रतिमा कुठून कुठून आणल्या आहेत! धान्यावरून तर किती. चाळणे, छाननी करणे, पाखडणे ही सगळी सुपाची आणि चाळणीची क्रियापदे. ‘निवाडा’ हा न्यायाचा शब्द ‘निवडणे’ या क्रियापदाच्याच घरातला. तांदळातले खडे बाजूला काढणारी बाई आणि वादी-प्रतिवादींचे ऐकून निकाल देणारा पाटील एकाच धातूवर बसलेले. पाण्यावरून ठाव घेणे, थांग लावणे, आणि माहिती काढण्यासाठी खडा टाकून पाहणे. वाटेवरून माग काढणे. आणि ‘शोधणे’ म्हणजे मुळात स्वच्छ करणे, शुद्ध करणे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, असे आपण म्हणतो; ते शुद्धीकरण आणि आपला ‘शोध’ एकाच मुळाचे. पाठभेद तपासून खरा पाठ उजेडात आणणे यापेक्षा नेमका शोध आणखी कोणता असू शकतो?

या सगळ्यांमध्ये मला एक बारीकशी गोष्ट आढळली, जी एरवी डोळ्यांसमोर असूनही मी कधी पाहिली नव्हती. इंग्रजी क्रियापदाच्या पोटात जे लॅटिन ‘एक्स्’ आहे, त्याचे काम मराठीत ‘काढणे’ करते. हुडकणे म्हणजे शोधत राहणे. हुडकून काढणे म्हणजे ते हाती येणे. खोदून काढणे, उकरून काढणे, धुंडून काढणे, शोधून काढणे : प्रत्येक ठिकाणी पहिले क्रियापद कष्ट सांगते आणि दुसरे फळ. मराठीत एका शब्दात हे बसत नाही म्हणून मी चार दिवस खंत करत होते, पण मराठीने ते दोन शब्दांत फार पूर्वीच बसवले होते.

तरीही एकाच शब्दात बसणारे काही मिळते का, हा हट्ट सुटेना. म्हणून पाचव्या दिवशी दातेकोशाकडे वळले. महाराष्ट्र शब्दकोशाचे काम पुण्यात झाले. १९३२ पासून त्याचे खंड निघाले आणि पुरवणी १९५० साली आली. यातल्या नोंदी मराठीतून मराठीत आहेत. व्याकरण, अर्थांचे क्रमांक, जुन्या ग्रंथांतले दाखले आणि शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती, अशी त्यांची ठेवण असते. इथे मला ‘गिंवसणें’ भेटले. शोधणे, धुंडणे, हुडकणे असा त्याचा अर्थ. ज्ञानेश्वरीच्या भाषेत वावरणारे आणि आज कोणाच्याही तोंडी नसलेले क्रियापद. मूळ संस्कृत गवेषण, प्राकृत गवेसण. आणि गवेषण म्हणजे गो अधिक एषण : गाईंचा शोध. ऋग्वेदातही ‘गविष्टि’ हा शब्द गाईंच्या इच्छेवरून थेट लढाईपर्यंत पोचलेला आहे, आणि दहाव्या मंडलातल्या एकशे आठव्या सूक्तात पणी नावाच्या शत्रूंनी दडवलेल्या गाईंचा माग काढत इंद्राची कुत्री सरमा नदीपार जाते. रोमन माणसाने माहितीसाठी पाण्यात गळ सोडला, आपल्या पूर्वजांनी रानात हरवलेली गाय शोधली.

जैन परंपरेने तर या शब्दाला शिस्तच लावली. साधूने भिक्षा घेण्यापूर्वी ते अन्न आपल्यासाठी मुद्दाम शिजवलेले नाही ना, कुठून आले, कसे आले, याची जी चौकशी करायची, तिला प्राकृतात ‘गवेसणा’ म्हणतात. घेताना पाळायचे नियम आणि खाताना पाळायचे नियम हे त्याच्या पुढचे टप्पे. बारकाईने तपास करून मगच हात पुढे करणे, ही ‘एक्स्पिस्केट’ची जवळजवळ व्याख्याच झाली.

मग हा शब्द वापरायला हरकत कुठे आली? ती आली ‘गवसणे’ या त्याच्या आजच्या वंशजामुळे. संकेतस्थळावर नोंदीच्या पृष्ठक्रमांकावर टिचकी मारली की मूळ पानावरच्या नोंदी ओळीने समोर येतात, आणि छापील कोश उघडून बोट फिरवत बसण्याची जुनी सवय तिथेही भागवता येते. शेजारीच ‘गवसणी’ सापडते : तंबोऱ्याला किंवा सतारीला घालायची खोळ, जिच्यावरून आपण आकाशालाही गवसणी घालतो. तिचा आणि आपल्या शब्दाचा अर्थाने काही संबंध दिसत नाही, पण दोघी एकाच पानावर नांदतात. ‘गिंवसणें’ हे सकर्मक होते, मी शोधतो असे सांगणारे. ‘गवसणे’ हे अकर्मक झाले, ते सापडते असे सांगणारे. सातशे वर्षांत क्रियापदातला शोधणारा माणूस गळून पडला आणि नुसती वस्तू उरली. आज ‘मला जुने पत्र गवसले’ असे कोणी म्हटले तर आपल्याला ते ट्रंक उघडताना अवचित मिळाले असावे असेच वाटते. त्यासाठी त्याने महिनाभर दप्तरे चाळली असतील, असे मनात येत नाही. माझ्या अहवालातल्या धर्मोपदेशकाला हकिगत गवसली नव्हती. ती त्याने घरोघरी जाऊन, एकाचे दुसऱ्याशी ताडून, मिळवली होती.

गंमत अशी की या उलट दिशेचा प्रवासही याच कोशांत दिसतो. संस्कृत मार्ग्, मृग् या धातूंचा अर्थ शोधणे, माग घेणे. त्यातूनच आपले ‘मागणे’ आले. शोधणारा माणूस शोधता शोधता हात पसरून उभा राहिला.

तुळपुळे-फेल्डहाउस यांचा कोश जुन्या मराठीसाठी अनिवार्य आहे. शिलालेख, महानुभावांचे गद्य, ज्ञानेश्वरी यांतल्या शब्दांच्या जागा त्यात नेमक्या दिलेल्या असतात, त्यामुळे ‘गिंवसणें’सारख्या शब्दाची केवळ ओळख न पटता तो कोणाच्या तोंडी, कोणत्या प्रसंगी येतो हेही तपासता येते. तुळपुळे १९९४ साली गेले आणि कोश १९९९ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढला. वझे यांचा शालेय कोश आटोपशीर आहे, पण मोल्सवर्थनंतर त्यात हाती लागण्यासारखे मला फारसे दिसले नाही. बर्नसन यांचा कोश शिकणाऱ्यांसाठी आहे आणि त्या कामात तो चोख आहे. परदेशातल्या मराठी घरांत वाढणाऱ्या मुलांसाठी तर मी तोच आधी सुचवीन.

आता काही सावधगिरीच्या सूचना, कारण हा संग्रह नवख्या माणसाला लगेच प्रसन्न होत नाही. हे कोश जुन्या लेखनाचे आहेत. आपण ‘शोधणे’ लिहितो, कोशात ‘शोधणें’ आहे. आपण ‘गाव’ लिहितो, तिथे ‘गांव’. १९६० नंतरच्या शुद्धलेखनाच्या सवयीने पूर्ण शब्द टाकला आणि काही मिळाले नाही, तर शब्द नाही असे समजू नये. शब्दाची पहिली दोन-तीन अक्षरे टाकून त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द मागवावेत. अनुस्वाराची शंका असेल तर दोन्ही प्रकारे पाहावे. देवनागरी टंकन जमत नसेल तर रोमन अक्षरांतही शब्द टाकता येतो. संकेतस्थळाची सगळी बटणे आणि सूचना इंग्रजीत आहेत, त्यामुळे ज्येष्ठ वाचकांना पहिल्यांदा कोणाला तरी शेजारी बसवून घ्यावे लागेल. माझ्या एका ऐंशीच्या मावशींना मी तासभर शिकवले. त्या आता माझ्यापेक्षा सराईतपणे दातेकोश चाळतात आणि रात्री दहा वाजता फोन करून ‘अगं, हा शब्द पाहिलास का?’ असे विचारतात.

दुसरी सूचना अर्थाविषयी. मोल्सवर्थने दिलेली इंग्रजी १८५७ ची आहे. तिच्यातले काही शब्द आज वेगळ्या अर्थाने चालतात, काही चालतच नाहीत, आणि जातींविषयी, स्त्रियांविषयी त्याने केलेली काही वर्णने आज वाचताना अंगावर येतात. तो त्या काळाचा पुरावा म्हणून वाचावा. आजचा निकाल म्हणून नव्हे. दातेकोशातल्या व्युत्पत्तींबाबतही हेच. त्यांतल्या बऱ्याच पटतात, काहींवर पुढच्या अभ्यासकांनी वेगळे मत दिले आहे. शब्दाची व्युत्पत्ती जिथे महत्त्वाची असेल तिथे एका कोशावर थांबू नये. आणि ज्याला फक्त झटपट प्रतिशब्द हवा आहे, पत्र लिहायचे आहे, बातमी द्यायची आहे, त्याने इकडे फिरकू नये; त्याचा वेळ जाईल आणि चिडचिड होईल.

छापील मोल्सवर्थ माझ्याकडे आहे, पुण्याच्या शुभदा-सारस्वतने १९७५ साली काढलेले पुनर्मुद्रण, नऊशेहून अधिक पानांचे. संकेतस्थळ वापरायला लागल्यावर ते कपाटात जाईल असे वाटले होते. तसे झाले नाही. पडद्यावर नोंद झटकन मिळते, पण तिच्या वरच्या-खालच्या नोंदींवर नजर रेंगाळत नाही. शब्द माहीत असेल तेव्हा संकेतस्थळ, आणि शब्द माहीत नसेल तेव्हा पुस्तक, अशी माझी आता विभागणी झाली आहे. फक्त अर्थ माहीत असेल आणि शब्द हवा असेल, तर पुन्हा संकेतस्थळच. ते काम पुस्तकाच्या बापाच्याने होणार नाही.

आठव्या दिवशी मी मजकूर तपासणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. ती रत्नागिरी तालुक्यातली. गिंवसणे, धांडोळणे, हुडकून काढणे हे सगळे मी तिला वाचून दाखवले आणि लॅटिनमधल्या माशाची गोष्टही सांगितली. ती म्हणाली, “मग ‘गरवून काढली’ लिही ना. आम्ही खाडीवर गरी घेऊन बसतो, तेव्हा सकाळ निघून जाते. मासा आमिष चाखतो, सोडतो, पुन्हा येतो. ओढायची घाई केलीस तर गेला. त्या तुझ्या साहेबाने गावात दुसरं काय केलं?”

‘गरवणे’ म्हणजे गळाने मासे धरणे, हा शब्द कोकणाबाहेर फारसा कोणाला कळणार नाही, हे तिलाही माहीत होते आणि मलाही. प्रकाशकांकडे गेलेल्या प्रतीत ‘गावात खोदखोदून विचारून त्याने खरी हकिगत बाहेर काढली’ असे वाक्य आहे. माझ्याकडच्या प्रतीत मात्र त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीने ‘गरवून’ असे लिहिलेले आहे, आणि ते मी अजून खोडलेले नाही.